पाचशे मैल दमानं

राळेगाव,
९ नोव्हेंबर १९५८

निजामुद्दीन मिस्त्री यांस,
कमलाकर मोहरील, औषधांचे दुकान, राळेगाव, याचा नमस्कार.

जीप काल घरी पोचली. तुम्ही बजावल्याप्रमाणे वीस-पंचविसाच्या वर काटा जाऊ दिला नाही, त्यामुळे तीस मैलांसाठी मी दोन तास रस्त्यावर होतो. कळंबच्या पुढे चढावर एक सायकलवाला मागून आला, माझ्या बरोबरीनं चालला, आणि पुढे जाताना वळून म्हणाला, "काहो भाऊ, धक्का मारू काय?" मी त्याला काय उत्तर दिलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

कामाबद्दल बोलायला जागा नाही. चार महिने गाडी तुमच्याकडे उघडी पडली होती तेव्हा मी दर आठवड्याला येऊन तुमचं डोकं खाल्लं, हे मला मान्य आहे. पण आता गिअर दोन बोटांनी पडतो. पूर्वी दुसरा टाकायचा म्हणजे शेजारच्या घरात कळायचं.

आता प्रश्न. हे पाचशे मैल खरंच पाहिजेत का? नागपूरच्या माझ्या एका मित्रानंही गिअरबॉक्स नवा भरून घेतला, क्लच प्लेट नवी टाकली. त्याच्या मिस्त्रीनं दोनशे मैल सांगितले. दोनशे आणि पाचशे यात फरक फार आहे. मला गाडी जानेवारीच्या आत पूर्ण तयार हवी आहे, म्हणजे हवी तेव्हा हवी तेवढी पळवता आली पाहिजे. कारण विचारू नका. उलट टपाली कळवा.

आपला,
कमलाकर

---

यवतमाळ,
१२ नोव्हेंबर

कमलाकरराव,
निजामुद्दीनचा आदाब आणि नमस्कार.

सायकलवाल्याचं वाचून दाखवलं तर आमची घरवाली हुस्नाबी पदर तोंडाला लावून हसत सुटली. मी म्हणतो त्या माणसाला इनाम दिलं पाहिजे.

पाचशे म्हणजे पाचशे. नागपूरच्या मिस्त्रीचं नागपूरला. नवा जोडा घालून कोणी पहिल्याच दिवशी पायी वर्ध्याला निघत नाही, टाचेला फोड येतात. गिअरच्या दात्यांचंही तसंच आहे. त्यांना एकमेकांवर थोडं थोडं घासू द्या. एकाच वेगानं मैलोन्‌मैल जाऊ नका, गिअर बदलत राहा. मागे ओझं नको, चार माणसं तर नकोच. चढावर इंजिनाला रडवायचं नाही, खालचा गिअर टाकायचा. आणि क्लचवर पाय ठेवून बसायची तुमची सवय मी पाहिली आहे. पाय सारखा तयार ठेवता, कधी पळायचं म्हणून. तो पाय खाली जमिनीवर ठेवा. नवी प्लेट गाडी उचलताना आणि थांबताना बसत जाते. म्हणून गावातच जास्त फिरवा. थांबा, उचला, थांबा, उचला.

दोनशे मैलांनी गिअरबॉक्सचं ऑईल काढून नवं भरा. जुनं ऑईल बाटलीत भरून एस.टी.चा कंडक्टर श्रावण आहे, त्याच्याकडे द्या. तुमच्याकडे बाटल्यांना काय तोटा? ऑईल पाहिलं की मला गाडीचं पोट कळतं.

जानेवारीची घाई कायले, ते तुम्ही सांगत नाही, मी विचारत नाही.

निजामुद्दीन

---

राळेगाव,
१९ नोव्हेंबर

मिस्त्री,

शहाण्णव मैल झाले. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी गावाला चार फेऱ्या मारतो. थांबा, उचला, थांबा, उचला. लोक म्हणतात, मोहरीलचा मुलगा गाडी शिकतो आहे. दीड वर्षं गाडी चालवणारा मी! काल पोस्टमास्तरांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून मला क्लच सोडायला शिकवलं. मी ऐकून घेतलं.

या चालीनं डिसेंबर संपेल. मला झोपेतही मीटरचे आकडे दिसतात आणि ते हलत नाहीत.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, मागच्या भागात लांब फळी बसवायची आहे, तिच्यावर गादी टाकून मोठं माणूस पाय पसरून निजू शकेल अशी. दणके बसू नयेत म्हणून फळीखाली काय घालावं? दुसरं, पाचशे झाल्यावर राळेगावहून यवतमाळ एका तासात होईल का? मी एस.टी.त ड्रायव्हरच्या मागे घड्याळ घेऊन बसून सबंध रस्ता लिहून काढला आहे. कुठे पन्नास जाता येईल, कुठे दहाच्या वर जाता येणार नाही, कापसाच्या बंड्या कोणत्या वळणावर अडकतात, सगळं. माझ्या हिशेबानं एक तास दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं कुठे काढता येतील ते बघतो आहे.

कमलाकर

---

यवतमाळ,
२३ नोव्हेंबर

कमलाकरराव,

आता समजलं! मागे निजायला फळी, गादी, एका तासात पल्ला. तुम्हाला शिकारीचा नाद लागला. जानेवारीत थंडी, साहेब लोक येतात, जंगलात रात्र काढायची, म्हणून एवढी लगबग. औषधवाल्याच्या घरात बंदूक आली तर आईसाहेब काय म्हणतील याचा विचार केला का? मी कोणाला सांगत नाही.

फळीखाली जुन्या ट्यूबचे तुकडे चार पदरी करून ठोका. एका तासाचं मला विचारू नका. आधी पाचशे करा.

निजामुद्दीन

---

राळेगाव,
३ डिसेंबर

मिस्त्री,

आनंदाची बातमी. मीटरवर चारशे बारा मैल. दोनशेला ऑईल काढायचं राहून गेलं, म्हणून आता काढून बाटलीत पाठवतो आहे, श्रावण आणून देईल. आठवड्यात पाचशे होतील. काही त्रास नाही. फक्त गाडी उचलताना अजून धक्का बसतो, क्लच एकदम पकडतो. आणि दुसऱ्या गिअरमध्ये बारीक कण्हल्यासारखा आवाज येतो. हे चालायचंच ना? पुढच्या आठवड्यापासून पळवू का ते लिहा. एका ओळीत लिहिलं तरी चालेल.

शिकारीबद्दल लिहिलंत ते वाचून हसू आलं. समजा तसंच.

कमलाकर

---

यवतमाळ,
६ डिसेंबर

कमलाकरराव,

बाटली मिळाली. उन्हात धरून पाहिली, मग पांढऱ्या बशीत ओतून पाहिली. पितळेचा चुरा इतका की बशी चमकते आहे. थोडी चमक येतेच. एवढी येत नाही.

मग श्रावणला विचारलं. तो बिचारा सरळ माणूस, त्यानं सगळं सांगून टाकलं. "मिस्त्री, थे गाडी तं आंगनात ठोकयावर चढवून ठेवली हाये. मांगचे चाकं भरभर फिरून राह्यले आन् गाडी जागच्या जागी! पोट्ट्यायची जत्राच भरते पाह्यले."

तुम्ही शिकलेले माणूस. मागची बाजू ठोकळ्यांवर चढवून, चाकं अधांतरी ठेवून, गिअर टाकून, तासन्‌तास इंजिन चालवून मीटर पळवलं. अहो, चारशे मैल मीटर गेलं, गाडी कुठे गेली? चाकावर भार नाही तर दाते घासतील कशावर? एकदा उचलली आणि चार तास चालवली तर क्लच प्लेट बसेल कधी? म्हणून तर ती धक्का देते. आणि मागची बाजू वर केली म्हणजे ऑईल सगळं पुढे गेलं. खालच्या शाफ्टचा मागचा बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती पितळी कडी, कोरडा फिरला. तोच बुश बाटलीत भरून तुम्ही मला पाठवला.

तीस वर्षं झाली मला या धंद्यात. दारू पिऊन गाडी झाडावर घातलेली पाहिली, ऑईलच्या जागी गोडंतेल घातलेलं पाहिलं. हे पहिल्यांदा पाहतो आहे. तुमच्या शिकारीपायी माझ्या हातच्या कामाची माती केलीत, याचा मला राग आला आहे आणि तो मी लपवत नाही.

गाडी खाली उतरवा. पळवू नका.

निजामुद्दीन

---

राळेगाव,
९ डिसेंबर

श्री. निजामुद्दीन यांस,

पत्र पोचलं. गाडी माझी आहे. तुमचं काम झालं, त्याचे पैसे पोचले. माझ्या अंगणात मी काय करतो याची चौकशी कंडक्टरकडे करण्याचं कारण नव्हतं. यापुढे त्रास देणार नाही.

क. मोहरील

---

राळेगाव,
२० डिसेंबर

श्री. निजामुद्दीन मिस्त्री यांस,
सौ. रजनी कमलाकर मोहरील हिचा नमस्कार.

आपली ओळख नाही. हे पत्र मी यांना न विचारता लिहिते आहे, आणि टपालात टाकल्यावर यांना सांगणार आहे.

तुमचं सहा तारखेचं पत्र मी वाचलं. शिकार वगैरे काही नाही. घरात उंदीर मारायचा झाला तरी हे बाहेर जाऊन उभे राहतात. मला आठवा महिना चालू आहे. आमच्याकडे कुणाला सांगायची बंदी आहे, नजर लागेल म्हणून. सासूबाईंची तशी श्रद्धा आणि यांची तशी भीती, त्यामुळे तुम्हालाही कारण सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वी पौषात माझी पहिली वेळ होती. दायीनं हात टेकले तेव्हा मला बैलगाडीत घालून यवतमाळला न्यायला निघाले. कळंबच्या अलीकडे ओढ्यावरची एक मोरी आहे, तिथे मुलगा झाला. तो रडला नाही. हे सकाळपासून बैलांच्या पुढे पायी चालत होते, बैलांनी पाय उचलावेत म्हणून. मागे वळून बघायलाही तयार नव्हते. मोरीपाशी मीच हाक मारून सांगितलं, आता सावकाश चला.

तेव्हापासून हे कुठेच सावकाश चालत नाहीत. जीप त्यासाठीच घेतली. कळा सुरू झाल्या की मला त्या फळीवर निजवायचं आणि एका तासात मोठ्या इस्पितळात पोचवायचं, एवढं एकच यांच्या डोक्यात आहे. जेवताना उठून गाडीकडे जातात. तुमच्या पत्रानंतर ठोकळे काढले, पण आता गाडीत बसून नुसता गिअर बदलत राहतात. आम्हा दोघींना बघवत नाही.

माझी आई नाही, त्यामुळे माहेरी जायचं नाही. मला तुमच्याकडून एवढंच हवं आहे. ही गाडी त्या दिवशी मला पोचवील का? खरं असेल ते लिहा. मला भीती वाटते, पण खोटं ऐकून जास्त वाटेल.

सौ. रजनी

---

यवतमाळ,
२३ डिसेंबर

सौ. रजनीबाई यांस,
निजामुद्दीनचा आदाब.

तुम्ही खरं मागितलं. तर आधी माझं खरं ऐका.

तो मागचा बुश कंपनीचा नाही. नागपूरहून यायचा होता, दोन महिने आला नाही. कमलाकरराव दर आठवड्याला येऊन माझ्या डोक्यावर उभे राहायचे. शेवटी मी पितळेचा तुकडा घेतला आणि लेथवर स्वतः बुश काढला. चांगला काढला. पण पितळ कसलं होतं ते मला पक्कं माहीत नव्हतं. म्हणून पाचशे मैल सांगितले. कंपनीचा असता तर दोनशेत भागलं असतं, नागपूरचा मिस्त्री बरोबरच बोलला होता. हे मी तुमच्या यजमानांना सांगितलं नाही. सगळे मला उस्ताद म्हणतात, आणि उस्तादाला सामान मिळालं नाही हे सांगायची मला लाज वाटली. मी खरं बोललो असतो तर त्यांनी आणखी एक महिना वाट पाहिली असती. ठोकळे त्यांनी लावले, पण निम्मा गुन्हा माझा आहे. त्यांना शिकारी म्हणून हिणवलं त्याची तर मान वर करायची सोय राहिली नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नाही. त्या दिवशी पळवली तर ही गाडी पोचवणार नाही. दुसरा गिअर वाटेत दगा देईल, आणि ती वेळ थांबायची नसते.

पण पंधरा-वीसच्या चालीनं, सकाळच्या उन्हात, वेळ हाताशी असताना ही गाडी तुम्हाला यवतमाळपर्यंत नक्की आणेल. मग त्या दिवसाची वाट कायले पाहता? आधीच या. पत्र मी हुस्नाबीला वाचून दाखवलं तर ती माझ्यावरच उखडली. "चार महिने गाडी खोल के बैठे, पूछा नहीं काहे को चाहिए? बुला लेव बच्ची को, आज के आज."

आमच्या घराला लागून एक खोली रिकामी आहे. दार वेगळं, चूल वेगळी, विहीर समोर हिंदू शेजाऱ्यांची. इस्पितळ दोन फर्लांगांवर. पटलं तर या. नाही पटलं तर इस्पितळाजवळ दुसरी खोली मी शोधून देतो, त्यात मला वाईट वाटणार नाही.

निजामुद्दीन

---

राळेगाव,
२८ डिसेंबर

निजामुद्दीनचाचा,

चाचा म्हणून लिहितो आहे. नऊ तारखेचं माझं पत्र फाडून टाका. रजनीनं मला तुमचं पत्र दिलं आणि मी वाचेपर्यंत समोर उभी राहिली. बुशाचं वाचून क्षणभर तुमचा गळा धरावा असं वाटलं. मग अंगणात गेलो, ठोकळे अजून तिथेच पडले होते, ते पाहून राग कोणावर काढावा ते कळेना. मी तुम्हाला एकदा जरी सांगितलं असतं की बायकोसाठी गाडी हवी आहे, तर तुम्ही मला बुशाचं सांगितलं असतं. दोघांनी तोंड शिवून ठेवलं आणि गाडीनं सोसलं.

मी दोन वर्षं एकच विचार केला. किती लवकर पोचता येईल. लवकर निघता येईल हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आमच्या घरात कोणाच्याच आलं नाही. याला कारण आहे. आमच्याकडे आठव्या महिन्यात बाईनं गावची वेस ओलांडायची नाही आणि नवव्यात घर सोडायचं नाही. मग उरतो तो एकच दिवस, ज्या दिवशी कळा येतील तो.

आई ऐकेना. म्हणाली, आजवर कोणी गेलं नाही. तिनं आणखी एक गोष्ट विचारली, ती तुम्ही ओळखलीत म्हणूनच वेगळ्या चुलीचं लिहिलंत. मला लिहायला लाज वाटते. मी आवाज चढवला, ती रडायला लागली. रजनी भाजी निवडत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "आई, मागच्या वेळी आपण सगळं पाळलं होतं."

आई देवघरात जाऊन बसली. तासाभरानं बाहेर आली आणि म्हणाली, "आठव्यात वेस नको. नववा चार तारखेला लागतो, नवव्याचं मी सोडते. पाच तारखेला निघू. मी सोबत येते. स्वयंपाक मी करीन."

तेव्हा पाच जानेवारीला सकाळी आम्ही निघतो. चाचा, आठ दिवस आहेत. मला ते आठ दिवसही काढवत नाहीत.

कमलाकर

---

राळेगाव,
८ जानेवारी १९५९

चाचा,

पाच तारखेला तुमच्या दारात गाडी उभी राहिली ते तुम्ही पाहिलं. त्याआधीचं तिथे चारचौघांत सांगता आलं नाही. म्हणून लिहितो.

सकाळी आठ वाजता निघालो. आई मागे फळीवर, मांडीवर देव आणि भोवती डबे. रजनी माझ्या शेजारी. फळीवर निजायला ती तयार नव्हती, म्हणाली मी आजारी नाही. सहा-सात मैल झाले असतील, पहिल्याच चढावर दुसरा गिअर सुटला. दांडा आपोआप मागे येऊन मोकळा झाला, इंजिन नुसतंच ओरडलं. पुन्हा टाकला, पुन्हा सुटला. मनात आलं, आजच कळा सुरू झाल्या असत्या तर? रजनीनं हात पुढे केला आणि दांडा गच्च धरून ठेवला. "तुम्ही स्टिअरिंग बघा," म्हणाली. पुढे प्रत्येक चढावर ती धरून बसली. तिचा तळहात लाल झाला होता. मी बदलून घेतो म्हटलं तर म्हणाली, तुम्हाला दम नाही, मध्येच सोडाल आणि गिअर सुटेल.

मोरी आली तेव्हा मी नजर समोर ठेवून पुढे काढत होतो. ती म्हणाली, थांबा. मला वाटलं झालं, सुरू झालं. तसं नव्हतं. तिला उतरायचं होतं. ती कठड्याशी जाऊन उभी राहिली. आईही उतरली आणि तिच्या शेजारी उभी राहिली. मी इंजिन बंद केलं नव्हतं, पाय क्लचवर होता. मग बंद केलं. दोन वर्षांत शंभर वेळा मी त्या मोरीवरून गेलो असेन, दर वेळी घड्याळात बघत. त्या दिवशी पहिल्यांदा तिथे उतरलो. चाचा, मी रडलो. बंडीवाले थांबून बघत होते तरी रडलो. आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मग आम्ही बसलो आणि निघालो. साडेतीन तास लागले.

एस.टी.नं परत आलो. दुकान उघडलं आहे, लक्ष नाही. गाडी तुमच्याकडे उघडून पडली आहे, आणि माझ्याकडे पळवायला आता काही नाही. रोज एक कार्ड टाका.

कमलाकर

---

यवतमाळ,
१४ जानेवारी

कमलाकरराव,

रोज काय लिहू? सगळं ठीक. गिअरबॉक्स उघडला. बुश कागदाएवढा उरला होता. तो कसा साडेतीन तास टिकला ते मला सांगता येत नाही. कंपनीचा बुश मागवला आहे, या वेळी तो येईपर्यंत गिअरबॉक्स बंद करणार नाही, तुम्ही डोक्यावर येऊन नाचलात तरी.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. अजून अडीच-तीन आठवडे म्हणतात. तुमच्या आईसाहेब पहिले चार दिवस अंगणात रेघ मारल्यासारख्या पलीकडेच उभ्या राहून बोलायच्या. आता दोघी म्हाताऱ्या ओट्यावर बसून रजनीबाईंनी काय खावं यावरून भांडतात. हुस्नाबी म्हणते डिंकाचा लाडू आत्ता द्या, आईसाहेब म्हणतात बाळंत झाल्यावर. दोन्ही बाजूंनी मला साक्षीला बोलावतात, मी गाडीखाली जाऊन झोपतो.

तुम्ही रविवारी या. रोज आलात तर मी पाहीन आणि दार लावीन.

निजामुद्दीन

---

यवतमाळ,
२१ जानेवारी

अहो,

तार पोचली असेल. तारेत चार शब्द मावले, बाकीचे मी पडल्या पडल्या लिहिते आहे. डॉक्टरीणबाई नको म्हणतात, पण मला हे तुम्हाला माझ्याच हातानं सांगायचं आहे.

काल दुपारी मी तांदूळ निवडत होते. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. तुमच्या संगतीनं मलाही आता घड्याळ बघायची खोड लागली आहे. अजून दीड-दोन आठवडे बाकी होते, त्यामुळे पहिली कळ आली तेव्हा मला खरीच वाटली नाही. दुसरी लगेच आली. मी आईंना हाक मारली, आणि आईंनी आधी हुस्नाबींना हाक मारली. चाचा टांगा आणायला धावले. टांगा येईना, म्हणून शेजारच्यांची हातगाडी घेऊन आले. मला तिच्यावर निजवलं आणि एका बाजूनं आई, एका बाजूनं हुस्नाबी अशा दोघी धरून चालत होत्या. चाचा पुढून ओढत होते. साडेबाराला इस्पितळात होतो. एकाला दहा कमी असताना सगळं संपलं होतं.

चाळीस मिनिटं. पहिल्या कळेपासून फक्त चाळीस मिनिटं.

नाळ गळ्याभोवती होती, दोन वेढे. अंग निळं पडलं होतं. डॉक्टरीणबाईंनी वेढे सोडवले, उलटं धरलं, पाठीवर मारलं, पुन्हा मारलं. आई डोळे मिटून उभ्या होत्या. मी मिटले नाहीत. मग आवाज आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इथे होतात म्हणून, नाहीतर हे वाचणारं मूल नव्हतं. मागच्यालाही तसंच झालं असेल का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, असू शकेल.

आज सकाळपासून मी एकच हिशेब करते आहे. तुमचा एक तास दहा मिनिटांचा होता. गाडी अगदी नवी असती, गिअर सुटले नसते, एकही बंडी आडवी आली नसती, तुम्ही जीव तोडून चालवली असती, तरी आपण कळंबच्या अलीकडेच असतो. तुम्ही पुन्हा पुढे बघत असता आणि मी पुन्हा हाक मारली असती. हे मी एकदाच लिहिते. परत कधी बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका. मागच्या वेळी तुम्ही उशीर केला नव्हता. या वेळी तर कोणत्याच गाडीनं पोचता आलं नसतं. एवढं मात्र मनात धरा.

मुलगी आहे. सावळी आहे, केस भरपूर आहेत. दूध द्यायला पळभर उशीर झाला तर सगळा वॉर्ड जागा करते. आई म्हणतात, बापावर गेली, जराही दम नाही.

लवकर या.

रजनी